तुझ्या तोंडी माझं वाक्य

गेनू, एसटी स्टँडसमोर तुझा भला मोठा फ्लेक्स लावलाय. फोटोत तुला इतका गोरा केलाय की तू स्वतः बघितला असतास तर विचारलं असतंस, हा कुठला पाहुणा म्हणून. खाली हात जोडलेली चार-सहा तोंडं आहेत. त्यातला एक तर तुझं तिकीट कापायला मुंबईत ठाण मांडून बसला होता. आणि सगळ्यांच्या वर, तुझ्या डोक्याशी, मोठ्या अक्षरांत लिहिलंय, 'माळावर वीज उगवू द्या.' त्याखाली तुझं नाव.

ते वाक्य माझं आहे. मला ते परत नको, कुणी फुकट दिलं तरी नको. पण तू गेलास आणि ते मात्र राहिलं, याचा असा काही संताप येतो की सांगता येत नाही. सध्या दुकानाचं शटर निम्मंच उघडतो, पूर्ण उघडलं की गल्ल्यावरनं सरळ तोच फ्लेक्स दिसतो. हमाल विचारतात, शेठ, अंधारात का बसलाय. त्यांना काय सांगू?

बाहेरच्या माणसाला आपली दोस्ती कधी उमगली नाही. तू वाडीवरच्या मेंढपाळाचा पोरगा, मी लोहाऱ्यातल्या आडत्याचा, कपाळाला इबूत लावून शाळेत येणारा. एका बाकावर वाढलो. पुढं तू एका पक्षात गेलास, मी दुसऱ्या. एकदा तर मी तुझ्याविरुद्ध उभा राहिलो आणि डिपॉझिट घालवून घरी आलो. निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू गुलालानं माखलेल्या सदऱ्यानिशी दुकानात शिरलास, माझ्या तोंडात पेढा कोंबलास आणि म्हणालास, तू इतकी वाईट भाषणं करतोस हे आधी कळलं असतं तर मी प्रचाराला बाहेरच पडलो नसतो. आतून माझी बायको खुदकन हसली. त्यानंतर मी निवडणुकीचा नाद सोडला.

पण चार भिंतींच्या आत मी बरा बोलतो, हे तुला शाळेपासून ठाऊक होतं. म्हणून अधिवेशन जवळ आलं की तू विधेयकांचा गठ्ठा काखेत मारून यायचास, मागच्या खोलीत तुरीच्या पोत्यावर मांडी ठोकायचास आणि हुकूम सोडायचास, "मल्ल्या, आज तू मंत्री." मग मी मंत्री व्हायचं. कधी सचिव, कधी तुझ्याच पक्षातला एखादा खवचट म्हातारा. तू ज्याच्या विरोधात बोलणार त्याची बाजू मी घ्यायची, आणि अशी मांडायची की तुला घाम फुटला पाहिजे. मी हातचं राखलं तर तू चिडायचास. तिकडं मंत्री हातचं राखणार हाय का, म्हणायचास. असलं काम करणारा आमदार आणि त्याला साथ देणारा पडेल उमेदवार दुसरीकडं कुठं असतील असं मला वाटत नाही.

बोअरच्या खोलीवर बंधन घालायचं विधेयक आलं होतं, तेव्हा मी कायद्याच्या बाजूनं चांगलं तासभर बोललो. पाणी आटत चाललंय, कुणीतरी आवर घातलाच पाहिजे, वगैरे. तू शांतपणे शेंगा फोडत बसला होतास. मग म्हणालास की बोअर किती खोल गेला हे बघायला जो सायब येणार तो जीपमधनं खाली उतरत न्हाय, तो जमिनीत कुठनं उतरंल? आमच्या आडतीवर बंधनं आणणारं विधेयक आलं, त्या वेळी तर मला सोंगच घ्यावं लागलं नाही. तुला सोलापूरला मुंबईच्या गाडीवर सोडायला निघालो होतो, नळदुर्गच्या ढाब्यावर जेवायला थांबलो आणि असे भांडलो, असे भांडलो की शेजारच्या खाटेवरचा ट्रकवाला सोडवायला उठला. मी त्याला कानडीत सांगितलं, भांडण नाही, कायद्याची चर्चा आहे. तो म्हणाला, मग हा तुझ्या ताटातली भाकरी का खातोय? तू खरंच खात होतास. तू कधी स्वतःच्या ताटातलं संपवलं नाहीस.

कुठलंही विधेयक हातात आलं की तू एकच गोष्ट शोधायचास. पानं उलटत जायचास आणि पुटपुटायचास, "ह्यात न्हाय म्हणायचा हक्क कुणाला हाय?" शेतकऱ्याला आहे का, ग्रामसभेला आहे का, बाईला आहे का. नसला की तू पेन्सिल काढून दुरुस्ती लिहायला बसायचास. बाकी कलमांचं तुला एवढं काही वाटत नसे. मला ते तुझं फार आवडायचं, गेनू. तोंडावर कधी बोललो नाही, कारण तोंडावर बोलायला मी मंत्री होतो.

मग ते गायरानाचं विधेयक आलं. सरकारच्या नावावर पडून असलेली जमीन, त्यात गावाचं गायरानही आलं, ती उन्हापासून वीज तयार करणाऱ्या कंपन्यांना देता येईल आणि त्यासाठी गावाला विचारायची गरज राहणार नाही, असा त्याचा सगळा मथितार्थ. तू वाचलंस आणि पोत्यावर बसायच्या ऐवजी उभाच राहिलास. वाडीचा माळ, बिरोबाच्या देवळापासून खालच्या ओढ्यापर्यंतचा, सगळा गायरानात. त्यावर तुझ्या घरची मेंढरं, वाडीतल्या सगळ्यांची मेंढरं. पोरगा आमदार झाला तरी तुझी आई धाकट्याबरोबर त्या माळावर जायची थांबली नव्हती. गुडघे गेले होते, तरी जाऊन बसायची. "मायला, माझ्या आईचा माळ पडीक?" असं तू म्हणालास, आणि मग नेहमीसारखं, आज तू मंत्री.

मी झालो. त्या दिवशी माझ्या अंगात काय संचारलं होतं कोण जाणे. मी म्हणालो, अध्यक्ष महोदय, मेंढरामागं चालून ज्यांच्या टाचा फाटल्या, त्यांच्या नातवंडांनीही टाचा फाडून घ्याव्यात असं म्हणणारा माणूस त्यांचा हितचिंतक कसा? गवताच्या काडीवर किती पिढ्या काढायच्या? त्या माळावर वीज उगवू द्या. त्या विजेवर त्यांची लेकरं शिकतील. मध्ये चहा आला म्हणून मी थांबलो, घोट घेतला आणि पुन्हा म्हणालो, माळावर वीज उगवू द्या, अध्यक्ष महोदय. तू पेन्सिल खाली ठेवलीस. मग म्हणालास, ह्याला माझ्याकडं उत्तर न्हाय. मी म्हणालो, शोध, नाहीतर आमदारकी सोड आणि पोती मोजायला ये.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच तू पायरीवर बसलेला. आत येऊन उभ्या उभ्या बोललास. ते भाषण ऐकणारा जगात मी एकटा आहे, हे आता लक्षात येतंय. तू म्हणालास, हा माळ पडीक कुणी ठरवला? ज्यानं तो गाडीच्या काचेतनं बघितला त्यानं. पाऊस पडला की पवन्या गवत कुठं येतं, मारवेल कुठं येतं, कुसळी कुठं टोचते, हे माझ्या आईला विचारा. गाभण मेंढी कुठल्या अंगाला न्यायची, उन्हाळ्यात बाभळीच्या शेंगा कुठं पडतात, ते विचारा. पेरणीच्या आधी आमची मेंढरं शेतकऱ्याच्या रानात बसतात, त्याला खत मिळतं, आम्हाला ज्वारी मिळते. माळ गेला की मेंढरं गेली, मेंढरं गेली की त्याचं खत गेलं. वीज पाहिजे ना? घ्या. पण ज्याच्या दारातनं नेणार त्याला आधी विचारा, आणि तो न्हाय म्हणला तर त्याचं न्हाय ऐका. एवढी एकच ओळ कायद्यात घाला, मग मी हात वर करतो.

मी मंत्री होतो, आणि हरलो. हरल्याचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. मी तुला मिठी मारली, तू ओशाळलास. दुरुस्ती लिहून घेऊन तू मुंबईला गेलास.

तिकडं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे, आणि कुणालाच माहीत नाही. पक्षाच्या बैठकीत ठरलं की विधेयकाच्या बाजूनं मेंढपाळाच्याच पोरानं बोलायचं. दुसरा कुणी बोलला तर लोक नावं ठेवतील, हा बोलला तर कोण काय म्हणणार? तुझी दुरुस्ती मागं घ्यायला लावली. मी इकडं दुकानात हमालांना गोळा करून मोबाइल पोत्याला टेकवून ठेवला होता, आमचा आमदार बोलणार म्हणून. तू उठलास, घसा खाकरलास. आणि माझं बोललास. टाचांपासून विजेपर्यंत सगळं. मी जिथं चहासाठी थांबलो होतो तिथं तू थांबलास. बाकं वाजली. एक हमाल म्हणाला, काय बोलतोय गडी! मी मोबाइल पालथा घातला.

परत आल्यावर तू दुकानात आलास, ते बरं केलंस. नाहीतर मीच आलो असतो आणि चारचौघांत आलो असतो. पोत्यावर बसलास, पण मांडी घातली नाहीस. म्हणालास, "विरोधात मत दिलं तर आमदारकी जाती. गैरहजर राह्यलो तर तिकीट जातंय. बोल म्हणले, तर ऐन वक्ताला त्या बाजूचं मला एवढंच येत व्हतं, मल्ल्या. तुझंच." मी म्हणालो, ते सरावासाठी होतं रे. तू मान हलवलीस. मग खाली बघत सांगितलंस की आवाजी मतदानाला तू 'होय' म्हणालाच नाहीस, नुसतं तोंड उघडलंस. मला हसू आलं, गेनू. फार वाईट हसलो मी. मग जे बोललो ते भिंतीपलीकडं माझ्या बायकोनंही ऐकलं. त्यातला एक शब्द मी आजही मागं घेत नाही. तू मेलास म्हणून तुझं ते वागणं बरोबर ठरत नाही.

पुढचं तू बघितलंस. तारेचं कुंपण आलं, खांब आले, निळ्या काचांच्या रांगा आल्या. वाडीतल्या एकेकानं मेंढरं बाजारात नेली. तुझा धाकटा भाऊ आता कंपनीच्या फाटकावर खाकी शर्ट घालून उभा असतो, त्याच माळाची राखण करतो. भलं झालं म्हणणारेही आहेत, खोटं कशाला बोलू. ज्यांची पोरं फाटकावर लागली ते म्हणतात. जी लागली नाहीत ती पुण्याकडं गेली. आणि तुझी आई घरातच बसली. तू घरी गेलास की ताट वाढायची, पाणी द्यायची, तुझ्या पोरांची चौकशी करायची. तुझ्याशी बोलायची नाही. आपलेच दात, आपलेच ओठ, ती बोलणार तरी कुणाला? तू मला म्हणाला होतास, आईनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

मला वाटलं, तू विसरशील. पुढारी विसरतात. तू नाही विसरलास. गेल्या महिन्यात पुन्हा कागद काखेत मारून आलास. स्वतःचं अशासकीय विधेयक आणणार म्हणालास. गावानं न्हाय म्हटलं तर गायरान देता येणार नाही, आणि जिथं दिलंय तिथं मेंढरांना वाट सोडायची. मी म्हणालो, असली विधेयकं शुक्रवारी दुपारी येतात, तेव्हा सभागृहात मोजकी टाळकी असतात आणि निम्मी जांभया देत असतात. तू म्हणालास, असू दे, बोलून तर ठेवतो. मग मी अडून बसलो. म्हटलं, आता मी मंत्री होणार नाही. एकदा झालो, पुरे झालं. आज मी गेनू होतो, तू मंत्री हो.

तू झालास. आणि काय झालास! कंपन्यांशी करार झालेत, मोडले तर भरपाई कोण देणार. प्रत्येक गाव न्हाय म्हणायला लागलं तर रस्ता तरी होईल का, धरण तरी झालं असतं का. सन्माननीय सदस्यांनी स्वतः याच सभागृहात या कायद्याचं समर्थन केलं आहे, त्यांचंच वाक्य मी त्यांना वाचून दाखवतो. आणि तू ते वाक्य म्हणालास. मी तुझ्या बाजूनं लढत होतो, माझ्या बाजूनं लढत होतो, आईच्या माळासाठी लढत होतो, आणि तू मला कोपऱ्यात घालून घालून हरवलंस. शेवटी मी हात टेकले.  जिंकलास तरी तुझा चेहरा मेल्यासारखा झाला होता. इतकंच म्हणालास, "बघितलंस? आता कुणीबी उठून मला हे म्हणंल. तेबी माझ्याच तोंडचं." मी म्हणालो, आपण उत्तर शोधू, दोन-तीन बैठका घेऊ. तू हो म्हणालास. चहा अर्धा ठेवून गेलास.

त्या बैठका झाल्या नाहीत. एके दिवशी सकाळी तोंड धुऊन पेपर हातात घेतलास आणि खुर्चीत कलंडलास, असं वहिनी सांगतात. मी पोचलो तेव्हा पेपर तसाच मांडीवर होता. उत्तर सापडलं होतं का रे तुला? मी रोज शोधतोय. सापडत नाही. आणि सापडलं तरी ते कुणाला सांगू? असल्या गोष्टीवर तासभर भांडणारा माणूस आता या गावात उरला नाही. जे येतात ते माझ्याशी सहमत होतात. तुझ्याइतका राग मला कुणाचा आला नाही, आणि तुझ्याशिवाय कुणी मला विचार करायला लावला नाही. हे तुला सांगायला हवं होतं.

काल शाळेच्या मैदानावर शोकसभा झाली. सगळे पक्ष आले होते. मुंबईहून आलेला मोठा पाहुणा बोलला, त्यानं तेच वाक्य दोनदा म्हटलं आणि शोकसभेत टाळ्या पडल्या. मग 'विरोधक असूनही मित्र' म्हणून मला बोलावलं. मी ठरवून काही गेलो नव्हतो. माइक हातात आला आणि मी तुझं ते भाषण बोललो. दुकान उघडायच्या आधी तू जे बोलला होतास ते. हे गेनूचं आहे, असं सांगून बोललो. पडीक कुणी ठरवला इथपासून, पवन्या, मारवेल, बाभळीच्या शेंगा, शेवटी न्हाय म्हणायचा हक्क. जेवणाची वेळ झाली होती, मागची माणसं उठायला लागली. पाहुण्याचा मोबाइल वाजला, तो उठून गेला. सूत्रसंचालकानं माझ्या कोपराला हात लावला. मी सगळं संपवूनच खाली उतरलो.  कुणी वाद घातला नाही. नंतर एक जण येऊन म्हणाला, छान झालं, भावनिक झालं.

तुझी आई पुढच्या रांगेत खुर्चीवर बसली होती. तिनं हातानं खुणावलं. मी जाऊन तिच्या पायाशी बसलो. तिनं विचारलं, हे खरंच त्याचं होतं का. म्हटलं, मावशी, शब्दन् शब्द त्याचा. 

"येवढं सगळं येत व्हतं त्याला," ती म्हणाली. "मग तिथं कशापायी बोलला न्हाय?"

पक्षाचा आदेश, तिकीट, आमदारकी, सगळं माझ्या ओठापर्यंत आलं. मागच्या खोलीत मी इतकी वर्षं मंत्र्यांची बाजू मांडली, सचिवांची मांडली, ज्यांचं तोंड बघू नये अशा माणसांची मांडली, आणि प्रत्येक वेळी काही ना काही बोलायला सापडलं. गेनू, तिच्यापुढं मला तुझी बाजू मांडता आली नाही.